शंभरातले किती? टेनिस सामन्याचा निकाल आधी कसा ताडायचा

रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःच्या कारकिर्दीचा एक हिशेब सांगितला होता. एकेरीचे १५२६ सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकलेले. पण त्या सगळ्या सामन्यांतले पॉइंट मोजले तर जिंकलेले फक्त ५४ टक्के. टेनिसचा अंदाज बांधायला बसणाऱ्याने हे दोन आकडे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. निम्म्याहून चार पॉइंट जास्त, एवढ्यावर माणूस दहापैकी आठ सामने मारतो. आणि फरक इतका बारीक असल्यामुळेच उरलेल्या दोन सामन्यांत फेडररसुद्धा हरतो.

इंदूरला सट्टा नवा नाही. इथले गिरणीमालक सर हुकुमचंद यांच्या काळी या शहराचं नाव कापसाच्या सट्ट्यासाठी घेतलं जायचं. पुढे क्रिकेट आलं आणि आता मोबाइलवर टेनिसही आलंय. कारण उघड आहे. टेनिस वर्षाचे जवळजवळ अकरा महिने, रोज, जगात कुठे ना कुठे चालू असतं. लावणाऱ्याला रिकामा दिवस म्हणून मिळत नाही.

लोकमान्य नगरातल्या आमच्या कट्ट्यावर हा खेळ वहीवर चालतो, बिनपैशाचा. ग्रँड स्लॅम सुरू झाली की प्रत्येकाने सामन्याआधी कोण जिंकेल याचे टक्के लिहायचे, आणि स्पर्धेच्या शेवटी ज्याची वही सगळ्यात वाईट निघेल त्याने उसळ-पोहे खिलवायचे. बिनपैशाचा का, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं कायद्याचं: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं या तिन्हींवर बंदी आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच तिथे उरत नाही. दुसरं उत्तर गणिताचं आहे. ते पुढे एका सामन्याच्या हिशेबात आपोआप दिसेल.

आधी सामना निवडा

सगळ्याच सामन्यांवर मत हवं असं नाही. खालच्या पातळीवरच्या स्पर्धा, म्हणजे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या बक्षिसांच्या, वहीत घेऊच नयेत. तिथे खेळाडूंची माहिती तुटपुंजी असते, आणि सामना-निश्चितीचा (मॅच फिक्सिंगचा) रोगही त्याच पातळीवर जास्त आहे. टेनिसच्या सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये हेच नोंदवलं होतं. कारण समजायला सोपं आहे. क्रमवारीत चारशेव्या क्रमांकावरच्या पोराचा प्रवासखर्चही बक्षिसातून निघत नाही.

बघायला मात्र या स्पर्धा जरूर जा. इंदूर टेनिस क्लबवर आयटीएफचे सामने झालेत, आणि कोर्टाच्या कडेला बसलं की टीव्हीवर कधीच न कळणारी एक गोष्ट कळते: चारशेवा खेळाडूही फोरहँड केवढ्या ताकदीने मारतो! तो आणि पन्नासावा यांच्यातला फरक फटक्यात दिसत नाही. दुसऱ्या सर्व्हिसवर, दमल्यावर, ३०-४० वर, म्हणजे सर्व्हिस जायची वेळ आल्यावर दिसतो.

नवशिक्याने ग्रँड स्लॅम आणि एटीपी-डब्ल्यूटीएच्या (पुरुषांच्या आणि महिलांच्या मुख्य दौऱ्यांच्या) १००० गुणांच्या स्पर्धांपुरतं राहावं. एका दिवसात चार-पाच सामने पुष्कळ झाले.

पायाचा आकडा

बहुतेक जण क्रमवारी बघतात आणि तिथेच थांबतात. क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांच्या गुणांची बेरीज. ती खेळाडू कुठे पोचला ते सांगते. कोणाला हरवून पोचला आणि आज कसा खेळतोय, ते सांगत नाही. २०२२ चं विम्बल्डन आठवा. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केल्यामुळे त्या वर्षी स्पर्धेला क्रमवारीचे गुणच नव्हते. एलेना रिबाकिना स्पर्धा जिंकली आणि जिंकल्यानंतरही तेविसावीच राहिली. पुढचे कित्येक महिने तिच्या नावापुढचा क्रमांक बघून अंदाज बांधणारे फसत होते.

त्यापेक्षा एलो गुणांकन घ्या. बुद्धिबळातून आलेली ही पद्धत आहे: बलाढ्याला हरवलं तर गुण जास्त, दुबळ्याला हरवलं तर कमी. टेनिस अ‍ॅबस्ट्रॅक्ट या संकेतस्थळावर खेळाडूंचं एलो फुकट बघायला मिळतं, तेही हार्ड कोर्ट, लाल माती आणि गवत असं वेगवेगळं. दोघांच्या गुणांतला फरक काढला की टक्के मिळतात. फरक १०० असेल तर वरच्याची शक्यता ६४ टक्के, २०० असेल तर ७६, ३०० ला ८५, ४०० ला ९१. हे चार आकडे पाठ करून टाका.

हे टक्के तीन सेटच्या सामन्याचे समजा. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये पाच सेट असतात, आणि सामना लांबला की सरस खेळाडूचं पारडं थोडं जड होतं, कारण नशिबाचे चढउतार भरून निघायला अवधी मिळतो. ६४ चे साधारण ६७ होतात, ७६ चे ८१. महिलांचे सामने सगळीकडे तीनच सेटचे. शिवाय तिथे सर्व्हिस जास्त वेळा तुटते, म्हणजे सर्व्हिस करणारीच गेम हरते, त्यामुळे सेटचं चित्र पटकन फिरतं. महिलांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीत मी ८५ च्या वर सहसा जात नाही. २०२१ च्या यूएस ओपनला एमा रादुकानू १५० व्या क्रमांकावरून, पात्रता फेरीतून येऊन, एकही सेट न गमावता जिंकली. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं पटवायला लागणार नाही.

कोर्ट कोणतं?

अंदाज सगळ्यात जास्त इथे चुकतात, आणि चुकवणारा आकडा बहुधा आपसातल्या लढतींचा असतो.

नदाल आणि फेडरर ४० वेळा समोरासमोर आले. नदाल २४, फेडरर १६. एवढंच वाचलं तर नदाल कुठेही भारी असं वाटेल. आता फोड करा. लाल मातीवर नदाल १४, फेडरर २. हार्ड कोर्टवर फेडरर ११, नदाल ९. गवतावर फेडरर ३, नदाल १. म्हणजे माती बाजूला काढली तर उरलेल्या २४ सामन्यांत फेडरर १४-१० ने पुढे. एकच जोडी, आणि कोर्ट बदललं की वरचढ कोण ते बदलतं. ही ४० सामन्यांची जोडी होती म्हणून निदान फोड तरी करता आली. आपल्यासमोर जे ‘३-० ने पुढे’ येतं, त्यातला एक सामना चार वर्षांपूर्वीचा, एक मातीवरचा आणि एक समोरच्याने दुखापतीने अर्धवट सोडलेला असतो. अशा तीन सामन्यांसाठी पायाचा आकडा दोन टक्क्यांहून जास्त हलवू नका.

कोर्टाचा वेग तर एकाच प्रकारातही बदलतो. माद्रिदची माती पॅरिसच्या मातीसारखी खेळत नाही, कारण माद्रिद साडेसहाशे मीटर उंचावर आहे. हवा विरळ, चेंडू पळतो, सर्व्हिसवाल्याला फायदा. (आपलं इंदूरही साडेपाचशे मीटरवर आहे, पण त्याचा उपयोग आमच्या सर्व्हिसला अजून झालेला दिसत नाही.) छत बंद झालं की वारा आणि ऊन दोन्ही जातात, आणि तिथेही फायदा ठोकून सर्व्हिस करणाऱ्याचाच. विम्बल्डनला सेंटर कोर्टावर २००९ पासून छत आहे, एक नंबर कोर्टावर २०१९ पासून. पावसाचा अंदाज असेल तर सामना कोणत्या कोर्टावर लागलाय हे बघायला विसरू नका.

सर्व्हिस आणि परतीची बेरीज

मॅचच्या आकडेवारीत वीस ओळी असतात. त्यातल्या दोनच उचला: स्वतःच्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट किती टक्के, आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले किती टक्के. दोन्हींची बेरीज करा. शंभराच्या वर गेली तर खेळाडू दिलेल्यापेक्षा जास्त घेतोय. ६५ आणि ३८, बेरीज १०३, हा चांगला खेळाडू. ६८ आणि ३१, बेरीज ९९, हा नुसता तोफखाना. टायब्रेकपर्यंत (सेट ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेमपर्यंत) नेईल आणि तिथे चित-पट.

सर्व्हिसवरच्या टक्क्यांत दिसायला थोडा असलेला फरक गेममध्ये केवढा होतो ते पाहा. सर्व्हिसवर ६० टक्के पॉइंट जिंकणारा साधारण ७४ टक्के गेम राखतो. ६५ टक्के जिंकणारा ८३ टक्के राखतो. ७० वाला ९०. फेडररच्या ५४ टक्क्यांचे ८० टक्के होतात ते याच पायऱ्यांनी.

दोन सावधगिऱ्या. आकडे कोणाविरुद्धचे आहेत ते बघा. चॅलेंजर म्हणजे मोठ्या दौऱ्याच्या एक पायरी खालच्या स्पर्धांत जमवलेली १०५ ची बेरीज मोठ्या दौऱ्यावर १०० लाही टेकत नाही. आणि ब्रेक पॉइंट (जो गमावला तर स्वतःच्या सर्व्हिसचा गेम जातो) वाचवण्याचे किंवा टायब्रेक जिंकण्याचे टक्के सोडून द्या. मोठ्या क्षणाला उंचावणारा खेळाडू, ही गोष्ट समालोचकांना फार आवडते. पण असे आकडे थोड्याशा पॉइंटांवर उभे असतात आणि पुढच्या वर्षी बहुतेक वेळा सरासरीकडे घसरतात. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. फेडररकडे ८-७, ४०-१५ असे दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते. जिंकला जोकोविच, तिन्ही टायब्रेक घेऊन. याला पोलादी मन म्हणा, माझी हरकत नाही. पण वहीत त्याचे दहा टक्के वाढवून धरू नका.

अंगात किती उरलंय

२०१० च्या विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना ११ तास ५ मिनिटं चालला, शेवटचा सेट ७०-६८. पुढच्या फेरीत इस्नर ६-०, ६-३, ६-२ असा हरला. इतकं टोकाचं रोज होत नाही, पण बारीक रूपात रोजच होतं. म्हणून ही माहिती दर वेळी काढा: गेल्या दोन सामन्यांत कोर्टावर किती तास गेले, मध्ये विश्रांतीचा दिवस होता का, मागच्या आठवड्यात कुठे खेळत होता. ग्रँड स्लॅमच्या आदल्या आठवड्यात छोट्या स्पर्धेची अंतिम फेरी शनिवारी खेळून जो सोमवारी पहिल्या फेरीला उतरतो, त्याच्या नावापुढे ‘फॉर्मात’ असं सगळे लिहितात. मी तीन टक्के कापतो.

दुहेरीतून अचानक नाव काढून घेणं, मागच्या सामन्यात खांद्यासाठी वैद्यकीय वेळ मागणं, पहिल्या सर्व्हिसचा वेग पडणं, या खुणा बातमीच्या आधी दिसतात. उलट पात्रता फेरीतून आलेल्याला लोक उगाच हलका धरतात. ग्रँड स्लॅममध्ये तो त्याच कोर्टांवर, त्याच चेंडूंनी तीन सामने जिंकून आलेला असतो.

२०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सुमित नागल तसाच आला होता. क्रमवारीत १३७ वा, समोर ३१ वं मानांकन असलेला बुब्लिक. तीन सेटमध्ये जिंकला. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं होतं; त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा नागल पहिला भारतीय पुरुष. कट्ट्यावर त्या दिवशी सणच होता. दुसऱ्या फेरीला सगळ्यांनी नागलचे टक्के भरभरून लिहिले आणि तो शांग जुनचेंगकडून हरला. आपल्या माणसाच्या सामन्याला वही बंद ठेवून नुसतं ओरडावं, हे उत्तम.

भाव वाचायचा तो माहितीसाठी

सट्टा लावायचा नसला तरी परदेशी बाजाराचा भाव बघायला हरकत नाही. हजारो लोकांच्या माहितीचा तो निचोड असतो. समजा ‘अ’ चा भाव १.५० आहे आणि ‘ब’ चा २.६०. म्हणजे अ वर १०० लावून तो जिंकला तर १५० हातात येतात. भावातून टक्के काढायला १०० ला भावाने भागा: अ चे ६६.७, ब चे ३८.५. बेरीज १०५.२. शंभराच्या वरचे हे पाच म्हणजे बुकीची दलाली. प्रत्येक आकड्याला बेरजेने भागून पुन्हा शंभरावर आणलं की बाजाराचं खरं मत कळतं: अ ६३.४, ब ३६.६.

आता आपली वही. अ आणि ब च्या हार्ड कोर्टवरच्या एलोत १०० चा फरक, म्हणून ६४. पाच सेट, म्हणून ६७. अ शनिवारी अंतिम सामना खेळून आलाय, तीन कापले, ६४. ब पात्रता फेरीतून आलाय, दोन कापले, ६२. सर्व्हिस-परतीची बेरीज अ ची १०३, ब ची १०१; पायाशी जुळते, हात लावला नाही. लिहिलं ६२.

बाजार ६३, आपण ६२. घरबसल्या इतक्या जवळ आलो, शाबास. आता हाच अंदाज तंतोतंत खरा धरून पैसे लावून बघा. अ वर १०० लावले: ६२ टक्के वेळा १५० परत, म्हणजे सरासरी ९३. सात रुपये गेले. बरं, ब वर लावू: ३८ टक्के वेळा २६० परत, सरासरी ९८ रुपये ८० पैसे. एक रुपया वीस पैसे गेले. अंदाज अचूक, आणि दोन्ही बाजूंनी तोटा. फायदा हवा असेल तर बाजाराला निदान दलालीएवढ्या फरकाने, तेही वारंवार, हरवावं लागतं. समोर दिवसरात्र संगणक लावून बसलेली माणसं आहेत. शिवाय चालू सामन्यात लावणाऱ्याच्या पडद्यावर पॉइंट काही सेकंद उशिरा येतो. मैदानात बसलेल्याला तो आधीच कळलेला असतो.

टेलिग्रामवरच्या ‘पक्क्या टिप’वाल्यांचंही गणित इथेच उरकून घेऊ. १०२४ जणांना निरोप जातो. निम्म्यांना ‘अ जिंकणार’, निम्म्यांना ‘ब जिंकणार’. ज्यांचा चुकला ते सुटले, उरलेल्या ५१२ ना पुढचा निरोप. पाच सामन्यांनंतर ३२ माणसं उरतात, ज्यांच्या दृष्टीने या देवमाणसाचे पाचपैकी पाच अंदाज खरे ठरले. सहाव्या टिपेला तो पैसे मागतो.

वही तपासणं

लिहायचं सामना सुरू होण्याआधी, आणि एकदा लिहिलं की खोडायचं नाही. मेलबर्नचा पहिला सामना आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, म्हणून तिथले टक्के रात्रीच लिहून ग्रुपवर टाकायचे. विम्बल्डनचा दुपारी साडेतीनला सुरू होतो, ते सोयीचं.

नव्या माणसाचा हात नव्वदीकडे फार जातो. कट्ट्यावर दर वेळी हा संवाद होतो:

“काका, नव्वद लिहिताय? म्हणजे असे दहा सामने झाले तर एक तो हरेल, हे मान्य आहे ना?”

“अरे, याच्याकडून कसा हरेल तो!”

“मग शंभर लिहा.”

“शंभर कसे लिहू? टेनिस आहे बाबा.”

काका मग ८२ वर येतात, आणि बहुतेक वेळा ८२ च बरोबर असतात.

गुण मोजायला ब्रायरची पद्धत घ्या. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये ती पावसाच्या अंदाजांसाठी मांडली. खेळाडू जिंकला तर १, हरला तर ०. त्यातून आपली शक्यता वजा करा आणि वर्ग करा. ७० टक्के लिहिले आणि तो जिंकला: ०.३ चा वर्ग, ०.०९. हरला: ०.७ चा वर्ग, ०.४९. नव्वद लिहून हरला तर थेट ०.८१. आकडा जितका लहान तितकं चांगलं. डोळे मिटून सगळीकडे ५० लिहिणाऱ्याला दर सामन्याला ०.२५ मिळतात, त्यामुळे ज्याची सरासरी ०.२५ च्या वर गेली त्याने काहीच न बघता लिहिलं असतं तर बरं झालं असतं. उसळ-पोहे त्याच्याकडून.

दोन-तीन स्पर्धा झाल्या की दुसरी तपासणी. तुम्ही ६५ ते ७५ च्या मधले टक्के लिहिलेले सगळे सामने बाजूला काढा. वीस निघाले आणि त्यातले तेरा-चौदा जिंकले असतील तर हात ठीक आहे. दहाच जिंकले असतील तर तुम्ही फाजील खात्रीने लिहिताय. पुढच्या स्पर्धेला प्रत्येक आकडा पन्नासाच्या दिशेने चार-पाच टक्के ओढा. अठरा जिंकले असतील तर भीत लिहिताय. वीस सामन्यांवरून पक्कं काही ठरत नाही, एक-दोन इकडचे तिकडे होणारच. पण पन्नास-साठ झाले की खोड दिसायला लागते. कोणाची मातीवर असते, कोणाची महिलांच्या सामन्यांत, कोणाची फक्त जोकोविचच्या.

ग्रँड स्लॅमचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची सोडत, साधारणपणे मुख्य फेरीच्या आधीच्या गुरुवारी निघतो. त्या संध्याकाळी पहिल्या फेरीतले दहा सामने काढा, आधी फक्त एलोवरून टक्के लिहा, मग शेजारच्या रकान्यात तुमची कापाकापी करून दुसरे लिहा. दोन्ही रकान्यांचे ब्रायर गुण वेगवेगळे ठेवा. पहिला रकाना सातत्याने चांगला निघाला, तर कापाकापी अर्ध्यावर आणा.